कणगीचा बोळा

मिलो खाल्लेला माणूस मला शंभरात ओळखू येतो. लग्नाच्या पंगतीत कुणी हौसेनं लालसर भाकरी वाढली, की तो ती आधी उलटी करून बघतो, वास घेतो आणि मुकाट्यानं ताटाच्या कडेला सारतो. माझंही तसंच होतं. सून म्हणते, "आई, नाचणीची आहे हो ती, चांगली असते." असेल बाई. माझ्या जिभेला ते कोण समजावणार?

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर जी लाल ज्वारी यायची, तिला सगळं सोलापूर मिलो म्हणायचं. ती परदेशातून बोटीनं येते आणि तिकडं जनावरांना घालतात, असं अप्पा सांगायचे. खरंखोटं देव जाणे. तिची भाकरी थापतानाच कडेला चिरायची, तव्यावर टाकली की कुबट वास सुटायचा आणि गिळताना घसा खरवडायचा. हे मी आजच्या लेकराबाळांना सांगायला लागले की ती मोबाईलमध्ये तोंड घालतात. घालू देत. मी मिलोची गोष्ट सांगते, पण मला खरं सांगायचं असतं ते पांढऱ्या ज्वारीचं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं घर गिरणीचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर होतं. दोन खोल्या, वर पत्रा, मागं न्हाणी. अप्पा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचे. घरात कानडी आणि मराठी कालवून बोलायचो आम्ही. अव्वा, म्हणजे माझी आई, भांडायची मराठीत आणि रडायची कानडीत. मी अकरा वर्षांची होते. अक्का, माझी थोरली बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आम्हा दोघींच्या मधली भावंडं जगली नाहीत, त्यामुळं मी तिच्याच कडेवर वाढले.

आतल्या खोलीच्या कोपऱ्यात कणगी होती. तुराट्यांची विणलेली, आतून बाहेरून शेणमातीनं लिंपलेली, अप्पांच्या छातीला लागेल एवढी उंच. तिच्या बुडाशी मूठ जाईल एवढं भोक होतं, धान्य काढायला. त्या भोकाला बोळा बसवायचा. कडुनिंबाचा पाला राखेत मळून अव्वा त्याचा गोळा करायची, तो भोकात ठासायची आणि वरून शेणमातीचा लेप द्यायची. वाळला की दगड. ती म्हणायची, "कणगीचं तोंड वर असतंय, पण जीव खाली असतोय."

अव्वाला टंचाईचा वास यायचा. लोकांना पेपरात आल्यावर कळतं, तिला बाजारात बायकांच्या पिशव्या बघून कळायचं. त्या वर्षी मंगळवेढ्याकडच्या मामानं माघातल्या काढणीनंतर दोन पोती मालदांडी ज्वारी पाठवली आणि निरोप दिला की औंदा एवढीच, विहिरींनी तळ दाखवलाय. त्या दिवसापासून अव्वा कामाला लागली. रांजणभर खडेमीठ आणलं. चिंचेचे गोळे करून मडक्यात दडपले. मिरच्या वाळवल्या. आणि मग घरातल्या जुन्या ज्वारीच्या कडक भाकरी करायला घेतल्या. आमच्याकडच्या बायका पापडासारख्या पातळ भाकरी भाजून, मंद जाळावर खुटखुटीत वाळवून ठेवतात, महिनोन् महिने टिकतात त्या. अव्वानं आठवडाभर चुलीसमोर बसून एवढ्या केल्या, की अप्पा म्हणाले, "पत्रा उडाला तर ह्याच वर घालू." अव्वा हसली नाही. तिनं भाकरीची दुरडी शिंक्याला टांगली आणि वर फडकं बांधलं.

राहिली ती दोन पोती ज्वारी. तिला अव्वानं चार दिवस पत्र्यावर कडकडीत ऊन दिलं, निवडली, पाला मिसळून कणगीत भरली, पण झाकण लिंपलं नाही. वैशाखात अक्काचं लग्न झालं. माळशिरस तालुक्यात, कालव्याचं पाणी जिथवर पोचत नाही अशा एका गावात दिली होती तिला. सासऱ्यांचं छोटं किराणा दुकान होतं आणि थोडी जिरायत. निघायच्या दिवशी, पाव्हणे बाहेर घाई करत असताना, अव्वानं तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. कणगीचं झाकण नुकतंच लिंपलेलं होतं, ओलं. अव्वानं अक्काचा उजवा हात त्या ओल्या मातीवर दाबला. पाच बोटं, तळवा, बांगडीची एक पुसट कड, सगळं उठलं.

"ही तुझ्या बाळंतपणाची," अव्वा म्हणाली. "पैल्या बाळंतपणाला येशील, तवा तूच ह्यो हात मोडून उघडायचं. तवर कुणी हात लावायचा न्हाय."

अक्का लाजली. अप्पा दारातून म्हणाले, "अगं, लेक अजून नांदायला जाती आणि हिला बाळंतपण सुचतंय."

"तुमाला काय कळतंय त्यातलं," अव्वा म्हणाली, आणि झालं.

अव्वाची पहिली चूक ही. धान्याला मधून मधून ऊन दाखवावं लागतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण लेकीचा हात मोडल्याशिवाय ते झाकण उघडत नव्हतं, आणि लेकीचा हात लेकीवाचून मोडणं तिला अशुभ वाटायचं. मी आज हे मोठ्या शहाणपणानं लिहिते आहे. तेव्हा मलाही ते बरोबरच वाटलं होतं. अक्का गेल्यावर मी रोज स्टुलावर चढून त्या हाताच्या खड्ड्यात माझा हात ठेवून बघायचे. माझी बोटं तिच्या दुसऱ्या पेरापर्यंतच पोचायची.

मग पाऊस आलाच नाही.

त्याचं वर्णन मी करणार नाही, पुष्कळांनी केलंय. आमच्या घरात दुष्काळ आला तो रेशनच्या पिशवीतून. कडक भाकरी दिवाळीच्या आत संपल्या. बाजारात पांढरी ज्वारी दिसेना, दिसली तर परवडेना. मी आणि अव्वा आळीपाळीनं रेशनच्या रांगेत उभ्या राहायचो, आणि लाल मिलो घेऊन यायचो. आतल्या खोलीत दोन पोती मालदांडी गच्च भरलेली आणि आम्ही बाहेरच्या खोलीत लाल भाकरी पाण्यात बुडवून गिळतोय, असं आमचं जेवण चालायचं. एकदा कामावरून आल्यावर अप्पांचा तोल गेला. "घरात ज्वारी आणि तोंडात मिलो! कोण बघंल तर खुळ्यात काढंल आपल्याला."

"ती माझी न्हाय आणि तुमची बी न्हाय," अव्वा म्हणाली. "आता काढली तर परत कुठनं आणणार? बाळंतिणीला काय मिलो घालू? पोट बिघडंल, दूध यायचं न्हाय."

अप्पांनी ताटातली भाकरी संपवली.

संक्रांतीच्या सुमाराला अक्काचं कार्ड आलं. तिकडच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं असावं, अक्षर तिचं नव्हतं. दिवस गेलेत, पाचवा लागलाय, सगळी खुशाल. शेवटी एका ओळीत होतं की दुकान बंद आहे आणि घरातली सगळी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जातात. अव्वानं ते कार्ड माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा मी ती शेवटची ओळ गाळली, तर तिनं माझ्या डोक्यात टपली मारली. "ती बी वाच."

मी म्हणाले, "अव्वा, अक्काला थोडी ज्वारी धाडू या की. अप्पा नेतील एसटीनं."

"लेकीच्या सासरी दाणा धाडायचा म्हंजे, तुमी उपाशी हाय, असं त्यांच्या तोंडावर सांगायचं," ती म्हणाली. "त्यांना काय वाटंल? तिला तितं जल्मभर नांदायचंय. येईल की ती सातव्याला. आली की खाईल."

ही तिची दुसरी चूक. तीही मला तेव्हा बरोबर वाटली.

आता माझी.

माझी सुरू झाली ती दिवाळीनंतरच. मला मिलो जाईना. भूक लागायची आणि घास तोंडात फिरायचा. एके दुपारी अव्वा रांगेत गेली होती, अप्पा पाळीवर. मी कणगीपुढं मांडी घालून बसले, वरवंट्यानं बोळ्याच्या लेपावर हळूहळू ठोकलं, लेप सुटला तसा पाला आणि राख उकरून काढली. आतून ज्वारी आपसूक माझ्या ओंजळीत आली. पांढरी, थंड, पाल्याचा कडवट वास असलेली. मी कच्चीच चावली. आधी पिठूळ लागते, मग चावत राहिलं की दुधासारखी गोड होते. मी तिथंच बसून एक मूठ खाल्ली आणि दुसरी परकराच्या ओच्यात बांधली.

बोळा पुन्हा बसवायला हवा होता. पाला नव्हता, राख मळून लेप द्यायचा तर अव्वाला ओलं दिसलं असतं. मी अक्काच्या जुन्या परकराची एक चिंधी घेतली, हिरवी, पिवळ्या ठिपक्यांची, तिचा बोळा करून भोकात कोंबला आणि लेपाचा सुटलेला तुकडा वरून नुसता टेकवून ठेवला. पुढ्यात पाटा सरकवला. झालं. त्या दिवसापासून रोज एक मूठ. शाळेत मास्तर फळ्याकडं वळले की मी गालातली ज्वारी चावायची. मी स्वतःची समजूत घालायची की अक्का असती तर तिनंच दिली असती. ते खोटंही नव्हतं.

पण कापडाच्या बोळ्यातून किडा शिरतो. राख आणि पाला त्याला अडवतात, चिंधी अडवत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी चोरून करत होते म्हणून कुणाला विचारताही येत नव्हतं.

अक्का सातव्याला आली नाही. आठव्यालाही नाही. एक जण कामावरून कमी झाला की तेवढा दाणा आणि कामावर वाटायची ती सुकडीही तेवढी कमी, म्हणून सासरचे आज पाठवू उद्या पाठवू करत राहिले असावेत. त्यांना तरी काय म्हणू? नववा लागला तेव्हा भर उन्हाळ्यात दाजी तिला एसटीनं घेऊन आले, दारात पाणी प्यायले आणि उलट्या पावली परत गेले, दुसऱ्या दिवशीची हजेरी बुडू नये म्हणून.

मी तिला ओळखलं ते आवाजावरून. गळ्याची हाडं वर आलेली, पाय सुजलेले, आणि पोट मात्र दुसऱ्या कुणाचं तरी लावल्यासारखं पुढं. नखांत दगडाची भुकटी. अव्वा उंबऱ्यात भाकरतुकडा घेऊन उभी होती ओवाळून टाकायला, तिचा हात तसाच राहिला. "बा मगळे, बा," एवढंच म्हणाली. ये गं लेकी, ये. मग तिनं अक्काला बसू दिलं नाही, पाणी दिलं नाही, हाताला धरून थेट आतल्या खोलीत नेलं. वर्षभर वाट बघितलेल्या माणसाचा आनंद होता तो. मी दाराच्या फळीमागं उभी राहिले.

अक्कानं झाकणावरच्या स्वतःच्या हातात हात ठेवला. तो बसेना. खडी फोडून बोटं जाड झाली होती, सांधे सुजले होते. ती हसली. म्हणाली, "कुणाचा गं ह्यो हात? माझा न्हाय वाटत." मग तिनं झाकण दाबलं, माती तडकली, तो हात मोडला, आणि अव्वानं झाकण उचललं.

ज्वारी हातभर खाली बसली होती. वर पिठाची पांढरी साय होती आणि ती हलत होती. अव्वानं कोपरापर्यंत हात आत घातला आणि ओंजळ वर काढली. दाणे दिसायला दाणेच, पण बोटांत दाबले की फुटायचे; आत काही नाही, नुसती टरफलं. तिच्या मनगटावरून टोके किडे चालत होते. तिनं ते झटकले नाहीत. पुन्हा हात घातला, आणखी खोल. पुन्हा तेच.

अक्का दमून खाली बसली, कणगीला पाठ लावून. तिचा हात टेकायला गेला तो बुडाशी. लेपाचा तुकडा गळून पडला आणि तिला चिंधीचा बोळा दिसला. तिनं तो बघितला. हिरवा, पिवळे ठिपके. मग मान वळवून दाराच्या फळीकडं, माझ्याकडं बघितलं. अव्वाची पाठ होती आमच्याकडं. अक्कानं तो बोळा बोटांनी उपसला, मुठीत घेतला, आणि भोक दिसू नये म्हणून सरकून त्याच्यावरच पाठ टेकली.

"अव्वा," ती म्हणाली, "वरीस झालं की. ऊन न्हाय दावलं, टोके पडणारच. असू दे."

"माझंच चुकलं," अव्वा म्हणाली. "तुझा हात मोडाया नगं म्हणून ऊन न्हाय दावलं. माझंच चुकलं." आणि मग कानडीत, स्वतःशीच, "साकु, साकु." पुरे, पुरे. ती खाली बसली आणि त्या पिठात बोटं फिरवत राहिली.

मी फळीमागून बाहेर आले नाही. माझा गुन्हा माझ्या डोळ्यांदेखत आईनं स्वतःच्या पदरात घेतला, आणि मी घेऊ दिला. आयुष्यात पुढं मी बरीच पापं केली असतील, पण लाज वाटते ती त्या उभं राहण्याची.

तीन दिवस अव्वा चाळत होती, पाखडत होती. दोन पोत्यांतून तीन सुपं धड दाणा निघाला. त्याची भाकरी केली तर कडू. अक्कानं दोन घास हसत खाल्ले आणि न्हाणीत जाऊन ओकली. मग अव्वा हातात तांब्या घेऊन गल्लीत फिरली. जिनं कधी शेजारणीकडं मीठ मागितलं नाही, ती दारोदार पांढरी ज्वारी मागत होती. कुणाकडं असणार? मागच्या गल्लीतल्या तेलुगू विणकराच्या बायकोनं आपल्या लेकरांच्या पुढचा तांदूळ दिला, वाटीभर. कोपऱ्यावरच्या चाचींनी फडक्यात बांधलेली ओंजळभर ज्वारी काढून दिली. "ले जाव बहन, बेटी कू खिलाव," म्हणाल्या. ती दोन दिवस पुरली. मग अक्का मिलो खायला लागली. पाण्यात कुस्करून, डोळे मिटून. "सासरी बी हेच खातो की आमी," असं म्हणून ती अव्वालाच धीर द्यायची.

एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते. अव्वा रांगेत गेली होती. मला वाटलं आता ही बोलेल, मारेल, काहीतरी करेल. तिनं विचारलं, "गोड लागायची का गं?"

मला कळलं ती कशाबद्दल विचारतेय. मी म्हणाले, "व्हय."

"मी बी खायची," ती म्हणाली. "तुझ्याएवढी असताना. पर मी बोळा परत लिंपायची, खुळे." मग मला रडू फुटलं तशी तिनं माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं, त्या पोटाला अडवून जेवढं घेता येईल तेवढं. "अव्वाला सांगू नगंस. तिला आधीच लई झालंय."

मी सांगितलं नाही. तिनं सांगू नको म्हटलं, हे मला किती सोयीचं होतं!

आल्यापासून सतराव्या दिवशी तिला कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, माझ्या हाताबाहेरचं आहे, दवाखान्यात न्या. टांग्यातून नेलं. अव्वा आणि अप्पा आत, मी बाहेरच्या बाकावर. दुपारी अप्पा बाहेर आले आणि माझ्या शेजारी बसले. गिरणीतून आल्यावर बसायचे तसे, दोन्ही हात गुडघ्यांवर. म्हणाले, "अंगात रक्तच नव्हतं म्हणत्यात." थोड्या वेळानं म्हणाले, "पोरगा होता." दोघांपैकी कुणीच राहिलं नाही हे मला त्यांच्या त्या 'होता'वरून कळलं.

आमच्यात जाळत नाहीत, मातीला देतात. तिला बसवून दिली, बाळ मांडीवर. मामा आला होता, दाजी आले, सासरे आले. सासऱ्यांना कणगीचं कळलं, तसे ते रडत रडत अव्वाला म्हणाले, "एक शब्द धाडला असता, तर आमी येऊन दाणा न्हेला असता हो. कशाची लाज?" त्या माणसांचा अपमान होईल म्हणून अव्वानं संक्रांतीपासून दाणा अडवून धरला होता, आणि त्या माणसांना कसला अपमानच वाटणार नव्हता.

आता मला कळतं. चांगली शिकले, नोकरी केली, डॉक्टरांच्या घरात लेक दिली. महिना अर्धा महिना पांढरी भाकरी खाऊन अंगात रक्त भरत नाही. तिचं नुकसान झालं ते खडीवर, त्या सगळ्या महिन्यांत. कणगी भरलेली निघाली असती तरी बहुतेक तेच झालं असतं. हे मी स्वतःला कितीदा तरी समजावलंय, अगदी जावयांच्या तोंडून वदवून घेतलंय. डोक्याला पटतं. पण ती न्हाणीत ओकत होती त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, आणि त्याला काही पटत नाही.

त्या वर्षी मात्र पाऊस झाला. माघात मामाची ज्वारी आली, एकच पोतं, पण आली. कणगी तोवर रिकामीच होती. अव्वानं ती उन्हात काढली, आतून बाहेरून नव्यानं लिंपली, वाळवली. ज्वारी भरली. झाकण लिंपलं, त्याच्यावर हात काही उठवला नाही. मग तिनं मला हाक मारली. पुढ्यात परातीत राखेत मळलेला पाला होता, शेणमाती होती. आणि तिच्या हातात ती चिंधी होती. हिरवी, पिवळ्या ठिपक्यांची, धुऊन घडी घातलेली.

मी एक पाऊल मागं सरले.

"अक्काच्या पिशवीत घावली," अव्वा म्हणाली. "उशाला होती ती पिशवी, तिच्यात."

"अव्वा, मी..."

"मला ठावं हुतं."

मला वाटलं, चिंधी सापडल्यावर कळलं असं ती म्हणतेय. पण ती तसं म्हणत नव्हती.

"तवाच ठावं हुतं. तू शाळेतनं यायचीस, तुझ्या व्हटाला पीठ असायचं पांढरं. मिलोचं पीठ काय पांढरं असतंय व्हय? पाटा रोज जरा हललेला असायचा. म्हटलं, खाऊ दे. लेकरू हाय, मिलो जात न्हाय त्याला. मूठभर तर खातंय. मी आडवलं असतं तर तू खायाची बंद झाली असतीस." ती पाल्याचा गोळा हातात फिरवत होती. "नुसतं एवढं सांगायचं हुतं, की खा, पर बोळा नीट लाव. तेवढं न्हाय सांगितलं. म्हटलं लाजंल पोर. तिकडं दाणा धाडायची लाज आणि हितं बोलायची लाज. तुला एक लेकरू म्हणून खाऊ दिलं आणि त्यात दुसरं गेलं माझं."

अक्कानं मला झाकलं होतं अव्वापासून, आणि मी गप्प राहिले होते अव्वासाठी, आणि अव्वा तर पहिल्या मुठीपासून बघत होती. तिघी एकमेकींना दुखवायचं नाही म्हणून गप्प होतो, एकाच खोलीत, त्या कणगीभोवती. मी नाहीतर अव्वानं वेळेवर तोंड उघडलं असतं तर ज्वारी वाचली असती. मी तिच्या गळ्यात पडले. आम्ही दोघी किती रडलो ते सांगत नाही. ती कानडीत काय काय बोलत होती, त्यातलं निम्मं मला कळलं नाही.

मग तिनंच डोळे पुसले आणि चिंधी पाल्याच्या गोळ्याच्या मधोमध ठेवून तो मळला. "लाव," म्हणाली. मी तो भोकात ठासला. तिनं अंगठ्यानं दाबून बघितलं आणि म्हणाली, "आणखी दाब." मी आणखी दाबला. वरून शेणमातीचा लेप दिला, दोन बोटांनी सारखा केला.

त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी आमच्या घरात पांढरी भाकरी झाली. अप्पा जेवले, अव्वा जेवली. माझ्या ताटात तिनं गरम भाकरी टाकली आणि बघत बसली. मी घास तोंडात घातला, पुष्कळ वेळ चावला. तो अजिबात गोड लागला नाही.